पुणे रिसाल्यातील खापरपणजोबा: घोडा स्वतःचा होता, तर त्यांच्यामागे घर कसे चालले असेल?

घोडकाठ यांचा प्रश्न

नमस्कार. आमचे घराणे शिरूर तालुक्यातले, घोड नदीच्या काठचे. खापरपणजोबा इंग्रजांच्या घोडदळात सवार होते, हे घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. त्यांच्याकडून आलेल्या वस्तू दोनच उरल्या आहेत. पहिली एक चांदीचे पदक. त्याच्या एका बाजूला राणी व्हिक्टोरियाचे मस्तक आहे, दुसऱ्या बाजूला बसलेल्या योद्ध्याच्या डोक्यावर मुकुट ठेवणारी पंखांची देवता आहे आणि वरच्या चांदीच्या पट्टीवर रोमन अक्षरांत ‘पर्शिया’ असे कोरले आहे. दुसरी वस्तू म्हणजे देवघरातला घोडेस्वाराचा टाक. कागद म्हणावा असा एकही नाही.

वडील सांगत त्यानुसार खापरपणजोबांनी स्वतःच्या पैशाने घोडा घेतला, तेव्हा कुठे त्यांना नोकरी मिळाली. ते गेले तेव्हा पणजोबा लहान होते, आणि त्यानंतर काही वर्षे खापरपणजीला घोडनदीच्या, म्हणजे शिरूरच्या, छावणीतून दर महिन्याला पैसे येत असत. त्या काळाबद्दल घरात एक बोलणे टिकून आहे: ‘घोडा आपला, बसणारा दुसऱ्याचा.’ पुढे ते पैसे बंद झाले आणि एकरकमी काहीतरी हाती आले. त्यातून मळ्यातली विहीर बांधली, असे सांगतात.

मला ही कथा पूर्ण पटत नाही. सरकारी फौजेत शिपायाने घोडा विकत घेऊन यायचे, आणि तो मेल्यावर त्याच्या विधवेने घोड्याची मालकीण म्हणून पगाराचा वाटा घ्यायचा, असे खरोखर घडत होते का? की पेन्शनच्या हकिकतीला घरच्यांनी दिलेला हा रंग आहे? पर्शियाच्या मोहिमेबद्दल आणि या लोकांच्या घरसंसाराबद्दल जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

रिसाला यांचे उत्तर

आपल्या घरची हकिकत ज्या पद्धतीशी जुळते, ती शिलेदारी पद्धत. शिवकाळापासून आपल्याकडे घोडदळात दोन प्रकारचे स्वार होते. स्वतःचा घोडा आणि हत्यार घेऊन चाकरीला येणारा तो शिलेदार, आणि दुसऱ्याच्या घोड्यावर बसून पगार घेणारा तो बारगीर. कंपनी सरकारने ही व्यवस्था जशीच्या तशी उचलली, कारण ती स्वस्त होती. घोडा, खोगीर, तलवार, कपडे, दाणा-वैरण आणि सामान वाहणारे तट्टू हे सगळे सवाराने बघायचे, आणि सरकारने महिन्याला एक ठोक रक्कम द्यायची. बंदूक आणि दारूगोळा तेवढा पुढे सरकारकडून मिळू लागला.

पुणे रिसाल्याचा जन्मच पेशव्यांच्या पैशातून झाला आहे. जून १८१७ च्या पुणे तहाने दुसऱ्या बाजीरावाकडून ३४ लाख रुपये उत्पन्नाचा मुलूख घेण्यात आला, आणि त्यातून ५,००० घोडेस्वार व ३,००० पायदळ इंग्रजांच्या हुकमतीखाली ठेवायचे ठरले. त्या घोडदळाचे पहिले नाव ‘पूना ऑक्झिलरी हॉर्स’. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कॅप्टन स्टाँटन शिरूरहून निघाला आणि दुसऱ्या दिवशी कोरेगावला अडकला, तेव्हा त्याच्या पायदळाबरोबर या रिसाल्याचे सुमारे अडीचशे स्वार होते. नव्या रिसाल्यात भरती झालेल्या दक्खनी मुसलमान आणि मराठा घरांना शिलेदारी नवी नव्हती. फक्त धनी बदलला. पुढे ‘पूना इरेग्युलर हॉर्स’ या नावाने हा रिसाला दीर्घकाळ आपल्या शिरूरच्या छावणीत होता.

आता पदकाबद्दल. हे १८५४ साली सुरू झालेले हिंदुस्थानचे सामान्य सेवापदक आहे. त्याची फीत तांबडी आणि तिच्यावर दोन निळे पट्टे असत. मोहीम बदलली की पदक तेच राही आणि पट्टी निराळी मिळे. ‘पर्शिया’ची पट्टी १८५६-५७ च्या मोहिमेची. मुंबईहून फौज जहाजांनी इराणच्या आखातात उतरली आणि १० डिसेंबर १८५६ रोजी बुशहर पडले. फेब्रुवारीच्या आरंभी जनरल औट्रम बोराझजानवर चालून गेला. तिथला इराणी तळ रिकामा सापडला, आणि परतीच्या वाटेवर रात्रभर त्रास सोसून ८ फेब्रुवारी १८५७ च्या पहाटे खुशाब येथे लढाई झाली. ती जवळजवळ पूर्णपणे घोडदळाने आणि तोफखान्याने जिंकली. तिसऱ्या मुंबई लाइट कॅव्हलरीने इराणी पायदळाचा चौकोन फोडला आणि तिच्या दोन इंग्रज अधिकाऱ्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पुणे रिसाल्याचे स्वार तिथे दोनशेच्या आत होते, पण चांदीचा पंजा असलेले एक इराणी निशाण त्यांच्या हाती लागले, आणि तो पंजा पुढे रिसाल्याने मानचिन्ह म्हणून मिरवला. गंमत अशी की पॅरिसमध्ये तह ४ मार्चला झाला तरी ती बातमी आखातात पोहोचेपर्यंत लढाई चालूच राहिली, आणि फौज परतू लागली तेव्हा इकडे मीरतचा उठाव झालेला होता.

एक सावधगिरी मात्र बाळगावी. ही पट्टी त्या मोहिमेतल्या पायदळालाही मिळाली आणि तिसऱ्या लाइट कॅव्हलरीलाही. म्हणून एकट्या पदकावरून पुणे रिसाला सिद्ध होत नाही. परंतु तिसऱ्या कॅव्हलरीत घोडे सरकारचे होते. आपल्या घरात ‘घोडा आपला’ ही आठवण राहिली आहे, तिचे मोल माझ्या दृष्टीने पदकापेक्षा जास्त आहे, कारण ती फक्त शिलेदारी रिसाल्यातल्या घरात राहू शकते.

आणि घोडा घेण्याचा खर्च खापरपणजोबांनी एकट्याने केला असेल, असे मानू नये. रिसाल्यातल्या जागेला ‘असामी’ म्हणत, आणि ती मिळवायला घोडा आणि सरंजाम (खोगीर, हत्यार वगैरे सामान) धरून काही शे रुपये लागत. पायदळातल्या शिपायाला तेव्हा महिन्याला ७ रुपये मिळत, हे लक्षात घेतले म्हणजे त्या रकमेचा भार समजतो. असा पैसा बापाने जमीन गहाण टाकून, मामाने हातभार लावून किंवा आधीपासून नोकरीत असलेल्या चुलत्याने जामीन राहून उभा केला जाई. म्हणूनच या रिसाल्यांत भाऊ, पुतणे आणि जावई एकाच तुकडीत सापडतात. वयात येणारी पोरे नातेवाइकाच्या झोपडीत राहून कवायत शिकत आणि जागा रिकामी होण्याची वाट पाहत. त्यांना ‘उमेदवार’ म्हणत. घोडा बहुधा भीमथडीचा असे, काटक आणि ठेंगणा. ज्याची ऐपत असे तो मुंबईच्या बाजारात उतरणारा आखाती घोडा घेई.

भीमथडी यांचे उत्तर

टाकाबद्दल थोडेसे. स्वाराच्या मागे म्हाळसा बसलेली असेल किंवा घोड्याच्या पायाशी कुत्रा असेल, तर तो खंडोबाचा टाक आहे आणि त्याचा खापरपणजोबांशी संबंध जोडू नये. स्वार एकटा असेल, तर तो वीराचा म्हणजे घरातल्या मृत पूर्वजाचा टाक असण्याची शक्यता अधिक. तो सैनिकच असतो असेही नाही, अकाली गेलेल्या पुरुषाचाही टाक घोड्यावरच घडवतात.

विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. १८०९ साली शिरूरच्या छावणीत वारलेला कर्नल वॉलेस हा इंग्रज अधिकारी आसपासच्या लोकांत ‘सत्पुरुष’ म्हणून ओळखला गेला, आणि सुगीला त्याच्या थडग्यापुढे नैवेद्य ठेवला जाई. जिथे परक्या कर्नलाला ही जागा मिळाली, तिथे घरच्या स्वाराला देवघरात मिळाली तर नवल नाही.

जुनेकागद यांचे उत्तर

मूळ प्रश्न विधवेच्या उत्पन्नाचा आहे, त्याविषयी लिहितो. वरच्या उत्तरातले बहुतेक सारे मला मान्य आहे, पण शिलेदारी ही केवळ ‘स्वस्त फौज’ होती असे म्हटले की तिचा अर्धाच भाग दिसतो. घोडा ही त्या कुटुंबाची मालमत्ता होती, आणि सरकारने जो महिना ठरवला त्यात माणसाच्या चाकरीचा मोबदला आणि घोड्याचा मोबदला हे दोन्ही धरलेले होते. मालक आणि स्वार एकच असला तर दोन्ही वाटे एका घरात येत. मालक दुसरा असला तर तो बारगिराला ठरलेला पगार देई, दाणा-वैरणीचा खर्च भागवी आणि उरेल ते स्वतःकडे ठेवी. एखाद्या रिसालदाराकडे अशा अनेक असाम्या असत आणि त्याची छोटी पागाच रिसाल्यात नांदत असे. शिलेदार मेला म्हणजे घोडा मरत नाही. तो वारसाकडे जातो, आणि वारस अज्ञान मुलगा किंवा विधवा असली तर तिच्या घोड्यावर बारगीर बसतो. हिंदुस्थानातल्या अनियमित रिसाल्यांत विधवांच्या आणि लहान मुलांच्या नावाने असाम्या चालत असत. तेव्हा आपल्या घरचे बोलणे मला शब्दशः खरे वाटते.

पेन्शनचा तर्क मला कमी पटतो, आणि त्याचे कारण सरळ आहे. साध्या सवाराची पेन्शन त्याच्याबरोबर संपत असे. कुटुंबाला पेन्शन मिळे ती मुख्यतः सवार लढाईत पडला किंवा समुद्रापलीकडच्या मोहिमेत वारला तर. १८३७ साली सुरू झालेले ‘ऑर्डर ऑफ मेरिट’ हे शौर्याचे पदक ज्याला मिळाले, त्याच्या विधवेला त्याच्यामागे तीन वर्षे भत्ता मिळे. खापरपणजोबा पर्शियाहून जिवंत परतले असे धरले, आणि दुसरे पदक तर घरात नाहीच, तेव्हा हे दोन्ही मार्ग इथे लागू होत नाहीत.

मात्र हा पैसा सुखाचा होता, अशी समजूत करून घेऊ नये. मुंबई इलाख्यात सवाराला महिन्याला ३० रुपये मिळत. बंगालकडच्या अनियमित रिसाल्यांत उठावापूर्वी २० च मिळत आणि तिथले सवार रिसाल्याच्या सावकाराच्या कर्जात बुडालेले असत. सिंधचा घोडदळ-सेनापती जॉन जेकब याने याच मुद्द्यावर वर्षानुवर्षे टीका चालवली होती. ३० हा आकडा ऐकायला मोठा वाटतो, पण त्यातून हरभरा आणि कुळीथ, कडबा, नालबंदी, गवत आणणाऱ्याची मजुरी, तट्टूचा अर्धा खर्च (एक तट्टू दोघांत असे), गणवेश आणि खोगिराची दुरुस्ती हे सगळे वजा करा. त्याशिवाय चंद्याच्या निधीत दरमहा वर्गणी द्यावी लागे, कारण घोडा रोगाने किंवा म्हातारपणाने मेला तर नवा घोडा घ्यायला त्या निधीतूनच मदत मिळे. लढाईत मेलेल्या घोड्याची भरपाई सरकार करी, पण शांततेच्या काळात शूळ उठून मेलेला घोडा शिलेदाराच्याच माथी बसे.

अशा घरातल्या बाईला किती गोष्टींचा हिशेब ठेवावा लागत असेल, याचा विचार करा. बारगीर घोड्याला नीट वागवतो का, चंदी पोटभर घालतो का, पाठीला जखम तर नाही, नालबंदाचे पैसे देणे झाले का, हे सारे तिला गावात बसून कळायला हवे. छावणीतल्या दिराच्या किंवा भावाच्या आधाराशिवाय हे निभणे कठीण. आपल्या खापरपणजीला हे काही वर्षे साधले असेल, तर रिसाल्यात तिच्या माहेरचे किंवा सासरचे कोणीतरी नक्कीच असणार. त्या दिशेने घरात चौकशी करावी. पुरुषाचे पदक जपले जाते आणि बाईचा हिशेब विसरला जातो, ही आपल्याकडची नेहमीची रीत आहे, म्हणून थोडे खोदून विचारावे लागेल.

घोडकाठ

दोन्ही सविस्तर उत्तरांबद्दल मनापासून आभार. टाकावरचा स्वार एकटाच आहे. म्हाळसा नाही, कुत्राही नाही. खापरपणजीचे माहेर पारनेरकडचे होते आणि तिचा एक भाऊ ‘घोडनदीला होता’ असे आत्याने आज फोनवर सांगितले. तो नेमका काय करत होता, ते तिला ठाऊक नाही.

आणखी एक धागा हाती आला आहे. छावणीतले पैसे ‘मोठ्या दुष्काळाच्या आधी’ बंद झाले, असे आत्या म्हणते. दुष्काळात घोडा पोसणे न झाल्याने तो विकला असेल का? आणि विहिरीची एकरकमी रक्कम म्हणजे त्या घोड्याची किंमत असेल का?

जुनेकागद

मोठा दुष्काळ म्हणजे १८७६ ते ७८ चा, हे बहुधा गृहीत धरता येईल. पुणे, नगर आणि सोलापूर या भागांना त्याचा फार मोठा तडाखा बसला. महिना ठरलेला आणि दाणा-वैरण स्वतःची, या व्यवस्थेत कडबा महागला की त्याचा फटका थेट शिलेदाराला बसे. म्हणून आपला तर्क अशक्य नाही. परंतु पैसे दुष्काळाच्या आधी बंद झाले असे आत्या म्हणत असतील, तर मला दुसरे कारण अधिक संभवनीय वाटते. १८५७ नंतर फौजेची फेररचना झाली, आणि स्वतः चाकरी न करणारे घोड्याचे मालक रिसाल्यात नकोत, ज्याचा घोडा त्यानेच बसावे, असे धोरण पुढे येत गेले. एका माणसाकडे अनेक असाम्या असणे कमी झाले, तशा विधवांच्या असाम्याही मोडल्या गेल्या. असामी मोडली की तिची किंमत मालकाला परत मिळे, कारण नवा येणारा सवार ती रक्कम भरी. ही रक्कम एकट्या घोड्याच्या बाजारभावापेक्षा जास्त असे, कारण तिच्यात सरंजामही धरलेला असे. आपली विहीर त्यातून झाली असावी.

त्या विहिरीचे साल ठरवता आले तर बरेच काही उलगडेल, कारण ती वर्षे साधी नव्हती. १२ मे १८७५ रोजी सुप्याला सावकारांविरुद्ध दंगा झाला आणि तो भीमथडीतून शिरूर तालुक्यातही पसरला. लोकांनी कर्जखते आणि रोखे जाळले, आणि बंदोबस्ताला फौज बोलवावी लागली. आसपासची कुळे सावकाराच्या कर्जखतांखाली दबलेली असताना एखाद्या घराला रोख रक्कम मिळून ते विहीर बांधते, तेव्हा त्या घराची पुढची दिशाच बदलते. शेतसारा रोख भरावा लागत असल्यामुळे रिसाल्यात एक असामी असलेल्या घराला गावात वेगळी पत होती, असे मला या भागातले जुने व्यवहार पाहताना वाटत आले आहे.

रिसाला

कागदांच्या शोधाबद्दल लिहून थांबतो. रिसाल्याचे नाव वेळोवेळी बदलले आहे, म्हणून शोधताना ही सगळी नावे हाताशी ठेवा: आधी पूना ऑक्झिलरी हॉर्स, मग पूना इरेग्युलर हॉर्स, १८८५ पासून चौथी बॉम्बे कॅव्हलरी, १९०३ पासून चौतिसावी पूना हॉर्स. शिलेदारी पद्धत पहिल्या महायुद्धात कोलमडली, कारण फ्रान्स आणि मेसोपोटेमियात मरणाऱ्या घोड्यांची भरपाई चंद्याच्या निधीतून होणे शक्यच नव्हते. १९२१ मध्ये ती बंद झाली, आणि त्याच फेररचनेत हा रिसाला पूर्वीच्या तिसऱ्या लाइट कॅव्हलरीबरोबर एकत्र करण्यात आला. खुशाबला शेजारी लढलेली दोन्ही पथके अशा रीतीने एकाच निशाणाखाली आली. आज ती रणगाड्यांची रेजिमेंट आहे.

साध्या सवारांच्या नावांच्या याद्या फार थोड्या टिकल्या आहेत. अधिकारी आणि शौर्यपदक मिळालेले लोक छापील यादीत सापडतात, बाकीचे बहुधा सापडत नाहीत. म्हणून लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिसच्या दप्तराकडे जाण्याआधी घराजवळचे मार्ग पाहा. तहसील कचेरीत आपल्या गटाचे सर्वांत जुने फेरफार मागवा. विहीर किंवा तिच्यालगतची जमीन कोणाच्या नावावर चढली, हे त्यातून मागे जात जात कळू शकते. बाईचे नाव असेल तर तिची पुढची वाटणीही दिसेल.

दुसरा मार्ग तीर्थोपाध्यायांचा. पर्शियाहून परत आलेला माणूस समुद्र ओलांडून आला होता, आणि त्या काळी अशा प्रवासानंतर पुष्कळ जण प्रायश्चित्त किंवा तीर्थयात्रा करत. त्र्यंबकेश्वर आणि नाशिक येथे गाव आणि आडनाव सांगितले की आपल्या घराण्याचे उपाध्याय कोणते हे समजते, आणि त्यांच्या वह्यांत आलेल्या माणसाचे, त्याच्या वडिलांचे, आजोबांचे, भावांचे आणि मुलांचे नाव लिहिलेले असते. कधी कधी पुढे चाकरीचाही उल्लेख असतो. खापरपणजीच्या भावासाठी पारनेरकडच्या आडनावानेही हीच चौकशी करा. तो रिसाल्यात होता असे ठरले, तर तिच्या घोड्यावर बसणारा ‘दुसरा’ कोण होता, याचाही अंदाज बांधता येईल.

पदक घासून चकचकीत करू नका आणि पट्टी उकलू नका. कडेवर अक्षरांच्या खुणा असतील तर तिरप्या उजेडात, भिंग लावून आधी पाहा आणि छायाचित्र घ्या. अक्षरे अर्धवट दिसली तरी इथे टाका, वाचायचा प्रयत्न करू.

घोडकाठ

फेरफाराचा अर्ज या आठवड्यात करतो. कडेवर दोन-तीन अक्षरांसारखे काहीतरी आहे. उन्हाची वेळ साधून छायाचित्र घेतो आणि इथेच टाकतो.